काम थांबवायचा अधिकार आणि उद्याचा गेटपास

पुणे जिल्ह्यातल्या एका परदेशी कंपनीच्या कारखान्यात मी काही वर्षं सुरक्षा आणि पर्यावरण विभागात काम केलं. एका वर्षी हेड ऑफिसकडून एक पोस्टर आलं. जगभरातल्या सगळ्या कारखान्यांत ते एकाच आठवड्यात लावायचं होतं. मराठी भाषांतर करूनच पाठवलं होतं: ‘काम असुरक्षित वाटलं, तर ते थांबवा. हा तुमचा अधिकार आहे.’ मी ते स्वतः पेंट शॉपच्या भिंतीवर चिकटवलं आणि ठेकेदाराच्या पोरांना जमवून समजावून सांगितलं. टाकी साफ करणाऱ्यांत बीडकडचा एक मुलगा होता. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “साहेब, थांबवलं तर उद्या गेटपास मिळंल का?”

ठेकेदाराच्या माणसांचा गेटपास रोज सकाळी नव्याने निघायचा. ठेकेदार नावांची यादी द्यायचा, सिक्युरिटी त्या यादीप्रमाणे माणसं आत सोडायची. यादीत नाव नसेल तर त्या दिवसाचा रोज बुडाला. कोणी कोणाला काढून टाकलं असं कागदावर कुठेच यायचं नाही. नाव फक्त यादीत नसायचं. त्या मुलाला मी ‘मिळेल’ असं छातीठोकपणे सांगू शकलो नाही. आज इतक्या वर्षांनी बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या शाश्वततेबद्दल काही वाचलं, की अहवालातल्या आलेखांच्या आधी मला तो प्रश्न आठवतो.

या कंपन्या आपली पर्यावरणाची आणि सुरक्षेची धोरणं दुसऱ्या देशांतल्या उपकंपन्यांमध्ये कशी राबवतात, यावर बोलताना साधारण दोन बाजू पडतात. एक म्हणते, जगभर एकच मानक हवं. दुसरी म्हणते, स्थानिक परिस्थितीप्रमाणे जुळवून घेतलं पाहिजे. मला हा वाद मुळातच चुकीच्या जागी उभा राहिलेला वाटतो. मानक सहज येतं. ते पीडीएफमध्ये येतं, पोस्टरवर येतं, ऑडिटरच्या यादीत येतं. मूळ देशात ज्या माणसांनी कंपनीला ते मानक पाळायला लावलं, ती माणसं मात्र सोबत येत नाहीत आणि त्यांच्या जागी इथे कोणी उभं केलं जात नाही.

जर्मनीचं उदाहरण घ्या, कारण पुण्यात जर्मन कंपन्या भरपूर आहेत. तिथे १९७६ च्या कायद्यानुसार दोन हजारांहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळावर निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींच्या असतात. त्याशिवाय कारखान्याच्या पातळीवर निवडून आलेली कामगार परिषद असते आणि आरोग्य-सुरक्षेचे नियम ठरवताना व्यवस्थापनाला तिची संमती लागते. तिथल्या भिंतीवर ‘काम थांबवा’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्या वाक्यामागे एवढं सगळं उभं असतं. पुण्याला येताना तेच वाक्य एकटं येतं.

परदेशी कंपन्या इथे येऊन फक्त घाण करतात, असं मी म्हणणार नाही. ते खरं नाही. ज्या कारखान्यात मी होतो तिथलं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र चोवीस तास चालायचं आणि गाळ नोंद करून रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात जायचा. शेजारच्या काही देशी कारखान्यांत पाऊस पडला की रात्री नाल्याचा रंग बदलायचा, हेही मी पाहिलं आहे. जुळवून घेण्याची चांगली उदाहरणंही मला दाखवता येतील. आमच्या मूळ कंपनीचा भर कार्बनवर होता, कारण तिथल्या लोकांना आणि गुंतवणूकदारांना त्याची चिंता होती. इथल्या मंडळींनी हट्ट धरून पाण्याचा हिशेब त्यात घालून घेतला. एप्रिल-मेमध्ये आसपासच्या वाड्यांवर टँकर येतो तेव्हा कारखान्याने किती पाणी उचललं हा आकडा इथल्या माणसाला टनभर कार्बनपेक्षा जास्त कळतो. असं जुळवून घेणं हवंच. उपाय बदलला, भाषा बदलली, कशाला आधी हात घालायचा ते बदललं, तर बिघडत नाही. माणसाच्या शरीराने किती विष सहन करायचं, हे मात्र देशागणिक बदलता कामा नये. ‘स्थानिक परिस्थिती’ हे शब्द नेमके तिथे वापरले जातात, म्हणून मी हे लिहितो आहे.

कोडाईकनालची हकिगत या बाबतीत फार बोलकी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाऊन इथे चेसब्रो-पॉन्ड्‌स या कंपनीचा पाऱ्याचे थर्मामीटर बनवायचा कारखाना होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो तिथून हलवून तामिळनाडूतल्या कोडाईकनालला आणला गेला. पारा परदेशातून यायचा, काच परदेशातून यायची आणि तयार थर्मामीटर परदेशात जायचे. या डोंगरात फक्त काम व्हायचं. पुढे युनिलिव्हरने मूळ कंपनीच विकत घेतली आणि कारखाना तेव्हाच्या हिंदुस्तान लिव्हरकडे आला. जगात नावाजलेली कंपनी, लेखी आचारसंहिता, नियमित तपासण्या, सगळं होतं.

मार्च २००१ मध्ये गावातल्या एका भंगाराच्या दुकानात पारा लागलेल्या काचांचा ढीग सापडला. साडेसात टनांच्या आसपास. हे कंपनीच्या ऑडिटने शोधलं नाही की प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने. स्थानिक रहिवासी, माजी कामगार आणि पर्यावरण कार्यकर्ते यांनी ते उघड केलं. कारखाना बंद झाला. २००३ मध्ये पारामिश्रित कचरा जहाजाने अमेरिकेला परत पाठवावा लागला. पाऱ्याचा हा असा उलटा प्रवास आपल्या देशाने क्वचितच पाहिला असेल. कामगारांच्या आजारपणाचा प्रश्न मात्र पुढची पंधरा वर्षं रेंगाळला. मार्च २०१६ मध्ये ५९१ माजी कामगार आणि त्यांचे कुटुंबीय यांच्याशी कंपनीने तडजोड केली.

उरला मातीचा प्रश्न, आणि तिथे खरी गोम आहे. कारखान्याच्या आवारातली माती किती साफ करायची? नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या अभ्यासाचा आधार घेऊन किलोमागे २० मिलिग्रॅम पाऱ्याची मर्यादा पुढे आली आणि तामिळनाडूच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती मान्य केली. ब्रिटनमध्ये, म्हणजे युनिलिव्हरच्या घरच्या अंगणात, निवासी जमिनीतल्या धातुरूप पाऱ्यासाठी मार्गदर्शक मूल्य होतं किलोमागे १ मिलिग्रॅम. कंपनीचं म्हणणं होतं की दोन्ही आकड्यांची थेट तुलना होत नाही. पारा कोणत्या रूपात आहे, जागा कशी आहे, ती कशासाठी वापरली जाणार आहे, हे पाहून जोखीम मोजली आणि त्यातून आकडा निघाला. या युक्तिवादात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणत नाही. माती खरवडून काढली तर खालच्या शोला जंगलातली, म्हणजे डोंगरातल्या सदाहरित जंगलातली, झाडं जातील, हीही एक अडचण सांगितली गेली. पण हा आकडा ठरवताना कोण कोण खोलीत होतं? ज्यांच्या अंगणातून पावसाचं पाणी पाम्बर नदीकडे वाहतं ते त्यात होते का? ब्रिटनमध्ये असा आकडा ठरला असता तर स्थानिक परिषद, रहिवासी, त्यांचे वकील, त्यांचे तज्ज्ञ असे सगळे आजूबाजूला बसले असते. इथे कंपनी, संस्था आणि मंडळ बसलं. विसाचा आकडा शास्त्राने दिला असेलही, पण तो कोणाच्या तोंडावर सिद्ध करून दाखवावा लागला नाही.

भोपाळबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर लिहावं तितकं कमीच आहे. युनियन कार्बाइडची भारतीय कंपनीत ५०.९ टक्के मालकी होती. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री ज्या वायूने माणसं मेली, तो बनवणारा याच कंपनीचा कारखाना वेस्ट व्हर्जिनियातही होता. भोपाळमध्ये त्या टाकीला थंड ठेवणारी यंत्रणा त्या वर्षीच्या जूनपासून बंद होती. त्यानंतरची सगळी वर्षं मूळ कंपनी एकच सांगत राहिली, की ती उपकंपनी आहे, तिचा कारभार वेगळा. तिथला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला नेऊन जाळून संपवायला २०२५ चा जून उजाडावा लागला. चाळीस वर्षं.

‘तो कारभार वेगळा’ या वाक्याला मात्र एका वेगळ्याच ठिकाणी तडा गेला आणि त्या गोष्टीची सुरुवात आपल्या रत्नागिरीपासून होते.

१९९२ मध्ये स्टरलाइट कंपनीला रत्नागिरीजवळ तांबं वितळवण्याच्या प्रकल्पासाठी एमआयडीसीची जमीन मिळाली होती. आंबा बागायतदार आणि मच्छीमार उठले. धुराने मोहोर गळेल, समुद्रात पाणी सोडलं तर मासळी जाईल, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. १९९३ मध्ये काम थांबलं आणि प्रकल्प तामिळनाडूत तुतिकोरीनला गेला. तिथे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. २२ मे २०१८ रोजी प्रदूषणाविरुद्धच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला, तेरा माणसं मेली आणि कारखाना बंद झाला. रत्नागिरी सुटली याचं समाधान मला कधीच निखळ वाटलेलं नाही. आपण दारातून परत पाठवलेली गोष्ट दुसऱ्याच्या दारात जाऊन बसली.

दरम्यान याच उद्योगसमूहाची मूळ कंपनी वेदांता लंडनच्या शेअर बाजारात गेली आणि तिने आफ्रिकेत झांबियातली कोंकोला तांब्याची खाण घेतली. म्हणजे मुंबईत भंगार धातूच्या व्यापारातून उभा राहिलेला समूह स्वतःच बहुराष्ट्रीय झाला. आता आपण फक्त उपकंपन्यांचे यजमान उरलेलो नाही, आपल्या माणसांच्याही उपकंपन्या दुसऱ्यांच्या नदीकाठी आहेत, हे या चर्चेत आपण सोयीने विसरतो. झांबियातल्या चिंगोला भागातल्या १,८२६ गावकऱ्यांनी तक्रार केली की खाणीतल्या विषारी पाण्याने त्यांचे ओढे आणि शेती नासली. ते थेट लंडनच्या न्यायालयात गेले. वेदांताने तेच जुनं उत्तर दिलं: खाण उपकंपनीची, ती झांबियात, खटलाही तिकडेच चालवा.

१० एप्रिल २०१९ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने गावकऱ्यांचा खटला इंग्लंडमध्ये चालवायला परवानगी दिली. निकालातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग असा, की न्यायालयाने वेदांताचे स्वतःचे प्रकाशित दस्तऐवज पाहिले. शाश्वततेच्या अहवालांत कंपनीने अभिमानाने लिहिलं होतं, की समूहातल्या सगळ्या कंपन्यांची पर्यावरणाची मानकं आम्ही ठरवतो, त्यांच्यावर आमची देखरेख असते, तिथल्या माणसांना आम्ही प्रशिक्षण देतो. न्यायालय म्हणालं, तुम्हीच ही जबाबदारी घेतल्याचं सांगितलं आहे, मग ती तुमची असू शकते. पुढे २०२१ मध्ये वेदांताने दोष मान्य न करता तडजोड केली. पण चकचकीत कागदावरचा शब्द हा जबाब मानता येतो, हे त्या निकालाच्या दिवशी ठरलं.

हा निकाल आपल्या इथल्या लोकांनी वाचायला हवा असं मला मनापासून वाटतं. कारण आपण अशा अहवालांकडे एक तर कौतुकाने पाहतो, नाहीतर ‘सगळा देखावा’ म्हणून बाजूला सारतो. दोन्हींत ते वाचायचे राहून जातात. चिंगोलाच्या बाजूने ते कोणीतरी ओळ न ओळ वाचले होते.

आपल्याकडे लोकांची ताकद कारखाना येण्याआधी दिसते. गोव्यात केरीला नायलॉन ६,६ चा प्रकल्प लोकांनी येऊ दिला नाही. जानेवारी १९९५ मध्ये तिथे पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक हा तरुण मारला गेला. खेड तालुक्यातल्या शिंदे-वासुलीत डाऊ केमिकलच्या संशोधन केंद्राविरुद्ध २००८ मध्ये गावकरी आणि वारकरी रस्त्यावर उतरले, त्यामागे भोपाळची आठवण होती, कारण युनियन कार्बाइड आता डाऊची झाली होती. ‘नको’ म्हणायला आपण शिकलो आहोत. पण एकदा कारखाना उभा राहिला, धूर निघू लागला, गावातली चार पोरं ठेकेदाराकडे लागली आणि दोघा-तिघांच्या गाड्या कंपनीला लागल्या, की तेच गाव बोलायचं थांबतं. यात गावाचा दोष नाही. आल्यानंतर रोज विचारायची सोयच आपण कुठे केलेली नाही. जनसुनावणी प्रकल्पाआधी एकदा होते. त्यानंतरची वीस-तीस वर्षं ऑडिटर, मंडळ आणि व्यवस्थापन यांच्या खोलीत जातात.

मी त्या खोलीत बसलेलो आहे, म्हणून सांगतो. मूळ कंपनीकडून एकदा एक ऑडिटर बाई आल्या होत्या. अत्यंत प्रामाणिक आणि कामाच्या. यादी बाजूला ठेवून त्यांनी ठेकेदाराच्या एका माणसाशी बोलायचं ठरवलं. दुभाषा म्हणून मी उभा, शेजारी ठेकेदाराचा सुपरवायझर उभा. त्यांनी विचारलं, “तुला इथे कशाची भीती वाटते का?” मी मराठीत विचारलं. त्याने सुपरवायझरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, “सगळं बरं हाय मॅडम.” मी ते इंग्रजीत सांगितलं. अहवालात ती ओळ गेली. तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याच्या उद्याच्या पोटाचा हिशेब त्याने केला. सुपरवायझरला लांब उभं करायला सांगणं माझ्या हातात होतं. ते मी केलं नाही, आणि ते आजही सलतं.

दुसरी एक गोष्ट ऑडिटच्या यादीत येतच नाही. घाणेरडी कामं कारखान्याच्या कुंपणाबाहेर जातात. प्लेटिंग म्हणजे धातूवर मुलामा देणं, पिकलिंग म्हणजे आम्लात बुडवून गंज काढणं, घातक रसायनांतली धुलाई ही कामं पूर्वी आत व्हायची, ती भोसरीतल्या छोट्या शेडमध्ये गेली. आत मोजमाप सुधारलं, कारण मोजायची गोष्टच उरली नाही. क्रोमियमच्या टाकीवर वाकलेला माणूस आता दुसऱ्याच्या पगारपत्रकावर आहे, किंवा कोणाच्याच नाही. जर्मनीचा पुरवठा साखळीचा कायदा २०२३ पासून लागू झाला, युरोपीय संघाने २०२४ मध्ये आपला कायदा केला आणि २०२५ मध्ये त्याची मुदत पुढे ढकलली. या कायद्यांचा हेतू चांगलाच आहे. पण भोसरीच्या शेडवाल्यापर्यंत ते कसे पोहोचतात? इंग्रजीतली लांबलचक प्रश्नावली म्हणून. ती भरून द्यायला तो एका सल्लागाराला पैसे देतो. नगाचा भाव मात्र पूर्वीइतकाच, कधी कधी त्याहून कमी. खरेदी विभाग भाव पाडणार आणि सस्टेनेबिलिटी विभाग प्रश्नावली पाठवणार, ही एकाच कंपनीची दोन तोंडं आहेत. शेडमध्ये धूर ओढून घेणारी यंत्रणा बसवायची असेल तर तिचा खर्च नगाच्या भावात दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर ती प्रश्नावली पाठवणाऱ्यांनी स्वतःचंच समाधान करून घेतलं.

कोणी म्हणेल, फार ताणलं तर या कंपन्या व्हिएतनामला जातील. ही भीती मी बैठकांमध्येही ऐकली आहे. कंपनी कुठे जायचं ते बाजारपेठ, जमीन, वीज, रस्ते आणि कुशल माणसं पाहून ठरवते. चाकणच्या वाहतूक कोंडीबद्दल व्यवस्थापक जितके वैतागून बोलायचे, तितके ते प्रदूषण मंडळाबद्दल कधी बोललेले मी ऐकले नाहीत. आणि स्वतःच्या देशात जे पाळते तेच इथे पाळायला सांगितलं म्हणून एखादी कंपनी जाणार असेल, तर ती इथे कशासाठी आली होती हे आपल्याला कळेल.

मला हव्या असलेल्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा सविस्तर अहवाल बंधनकारक केला. हिंदुस्तान युनिलिव्हर, नेस्ले इंडिया यांसारख्या कंपन्या इथल्या बाजारात सूचिबद्ध आहेत, म्हणून त्या तो देतात. पण चाकण-रांजणगावमधल्या कितीतरी परदेशी उपकंपन्या प्रायव्हेट लिमिटेड आहेत. त्यांची मूळ कंपनी आपल्या देशात जगभराचा एकत्र आकडा जाहीर करते. त्यात आपल्या तालुक्यातल्या कारखान्याचा वाटा किती, ते शोधून सापडत नाही. उलाढालीची एक मर्यादा ठरवून या कंपन्यांनाही कारखानानिहाय अहवाल द्यायला लावला पाहिजे, आणि तो मराठीत ग्रामपंचायतीत ठेवला पाहिजे. ठेकेदाराच्या कामगारांना सुरक्षा समितीत जागा हवी. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा घातक प्रक्रियांच्या कारखान्यांतल्या या समितीत कामगार आणि व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असावेत असं ठरलं. आमच्याही समितीत कामगार होते, पण सगळे कायम. टाकीत उतरणाऱ्यांपैकी एकही नव्हता. आणि ज्याने काम थांबवलं, त्याचं नाव पुढचे काही महिने यादीतून गळणार नाही याची हमी ठेकेदाराने नव्हे, कंपनीने लेखी द्यावी. तसं झालं तर त्या पोस्टरला अर्थ आहे.

काही साधनं तर आजच आपल्या हातात आहेत. दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत कारखान्याला पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म पाच, मंडळाला द्यावं लागतं. त्यात पाणी, कच्चा माल, प्रदूषण आणि कचरा यांचे आकडे असतात. माहिती अधिकारात ते मागता येतं. मूळ कंपनीच्या अहवालातली वाक्यं आणि हे आकडे शेजारी शेजारी ठेवायला एखादा तरुण पत्रकार, एखादी ग्रामपंचायत सदस्य, एखादा कॉलेजचा गट पुरेसा आहे.

आणि त्याहून सोपी गोष्ट कारखान्याच्या फाटकावर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १४ ऑक्टोबर २००३ च्या आदेशाने घातक कचरा निर्माण करणाऱ्या कारखान्यांना मुख्य प्रवेशद्वाराबाहेर फलक लावणं बंधनकारक झालं. आत कोणती घातक रसायनं आहेत, पाण्यात आणि हवेत काय सोडलं जातं, कचरा किती निघतो, हे त्यावर लिहायचं असतं. आमच्या फाटकावरचा फलक मीच रंगवून घ्यायचो. हिरवी पाटी, पांढरे रकाने, आकडे मार्करने भरायचे. रस्त्यावरून शाळेची मुलं, दुधाच्या गाड्या, शिफ्ट सुटलेली माणसं जायची. इतक्या वर्षांत तिथे थांबून तो वाचताना मी कोणाला पाहिलं नाही, आणि म्हणून आकडे महिनोन् महिने तेच राहिले तरी कोणी काही म्हणालं नाही. तुमच्या गावाजवळच्या कारखान्यावर असा फलक असेल. त्यावर तारखेचा रकाना असेल, तर तो आधी पाहा. मग सिक्युरिटीच्या केबिनमध्ये जाऊन विचारा की हा शेवटचा कधी भरला. माणूस आत फोन लावेल, आणि आत माझ्यासारखं कोणीतरी मार्कर शोधायला उठेल.